बाप कोणत्या बाजूचा होता, हे मुलाला विचारू नका

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीच्या पोलीस मुख्यालयात माओवाद्यांच्या पॉलिट ब्युरोचा, म्हणजे सर्वोच्च समितीचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. १९८०च्या सुमारास प्राणहिता ओलांडून सिरोंच्यात शिरलेल्या या चळवळीचा जिल्ह्यातला शेवट त्या दिवशी डोळ्यांना दिसू लागला. या जिल्ह्यात राहणाऱ्या कुणालाही झाला असेल तसा मलाही आनंद झाला. रात्री कुत्रं भुंकलं तर दिवा मालवून बसायचं, नक्षल्यांचा शहीद सप्ताह लागला की एसटी बंद, ‘खबऱ्या’ हा शब्द आपल्या घराच्या दिशेने येतोय का याचा सतत अंदाज घ्यायचा, असं जगलेल्या माणसांना त्या दिवसाचं मोल सांगावं लागत नाही.

त्यानंतर हिशेब सुरू झाले. किती बंदुका जमा झाल्या, किती कोटींचं बक्षीस कुणावर होतं, किती नवी पोलीस मदत केंद्रं उभी राहिली, कोणत्या गावात स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा बस पोहोचली. हे हिशेब हवेतच. धानोरा तालुक्यातल्या काटेझरीत २०२५ साली पहिली एसटी आली तेव्हा गाव तिला पाहायला जमलं होतं, ते उगीच नाही. पण या साऱ्या हिशेबांत एक वही कुठेच दिसत नाही. या साडेचार दशकांत किती मुलांचं काय झालं आणि ती आज कुठे आहेत, याची वही. ती कुठल्या कार्यालयात असेल तर लोकांसमोर ठेवली गेलेली नाही, आणि नसेल तर आज ती करायला घेतली पाहिजे. ती करताना मुलाचा बाप कोणत्या बाजूने मेला हा प्रश्न विचारायचा नाही, एवढंच मला या लेखात मांडायचं आहे. म्हणायला सोपं आहे. आपल्या व्यवस्थेत ते जवळजवळ अशक्य करून ठेवलंय.

कोणती मुलं, ते आधी पाहू. जिल्ह्यात नक्षल्यांनी पाचशेहून जास्त सामान्य माणसं मारली, त्यांतली बहुतेक आदिवासी. पोलीस पाटील, सरपंच, तेंदूपत्त्याच्या हंगामात चार पैसे मिळवणारा फळीवरचा, म्हणजे संकलन केंद्रावरचा माणूस, कुणाचा तरी जुना हिशेब चुकता करायचा म्हणून नाव सांगितलेला शेजारी. रात्री घरातून उठवून नेलं, सकाळी रस्त्यावर प्रेत आणि छातीवर पत्रक. त्या घरात मुलं होती. दोनशेहून जास्त पोलीस मारले गेले. २००९ या एकाच वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरीचे हल्ले, आणि मग १ मे २०१९ला जांभुळखेड्याचा स्फोट. त्या पोलिसांच्याही घरात मुलं होती. चकमकीत मेलेल्या नक्षल्यांच्या घरी, म्हणजे त्यांच्या आईवडिलांच्या किंवा भावाच्या घरी, मागे राहिलेली मुलं आहेत. आणि चौथी मुलं म्हणजे जी स्वतःच वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी दलमसोबत, म्हणजे नक्षल्यांच्या सशस्त्र तुकडीसोबत गेली, ती. त्यांना आपण मूल म्हणून कधी मोजलंच नाही. ती थेट ‘जहाल नक्षली’ म्हणूनच बातमीत आली.

नागपूर-पुण्याच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. ही चार प्रकारची मुलं चार वेगळ्या जगांतली नाहीत. १९९०मध्ये उभ्या राहिलेल्या पोलिसांच्या नक्षलविरोधी सी-६० पथकात जिल्ह्यातलेच तरुण घेतले गेले, गोंड आणि माडिया तरुणही. एक भाऊ पथकात आणि दुसरा दलममध्ये, अशी घरं आहेत. एकाच आजीची दोन नातवंडं, एक हुतात्म्याचं आणि एक नक्षल्याचं. पहिल्याला सन्मान आणि मदत मिळते, ती मिळायलाच हवी. दुसऱ्याला शाळेच्या फॉर्मवर बापाचं नाव लिहितानाही खाली पाहावं लागतं.

सरकारी मदतीची रचना पाहा. हुतात्मा पोलिसाच्या कुटुंबासाठी निवृत्तिवेतन, अनुकंपा नोकरी, मुलांचं शिक्षण. नक्षल्यांनी मारलेल्या नागरिकाच्या कुटुंबासाठी अर्थसाहाय्य, पण त्याला गुन्ह्याची नोंद आणि पंचनामा हवा. आत्मसमर्पण करणाऱ्यासाठी २००५पासून धोरण आहे, रोख रक्कम आहे, घर आहे. प्रत्येक मदतीचं दार मोठ्या माणसाच्या नावाने उघडतं. मूल त्या दाराशी ‘वारस’ म्हणून उभं राहतं आणि ज्याचा वारस व्हायचं तो माणूस कागदावर नीट मेलेला नसेल, तर दार उघडतच नाही.

एका तालुक्याच्या ठिकाणी, सेतू केंद्राच्या बाहेर, मी एक आजी पाहिली होती. सोबत नऊ-दहा वर्षांची नात. मुलीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद होते. आधार, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाईड. बालसंगोपन योजनेचा अर्ज भरायचा होता. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाची ही राज्याची योजना चांगली आहे. अनाथ, एकच पालक उरलेल्या, संकटातल्या घरच्या मुलाला महिन्याला २२५० रुपये मिळतात. भामरागड-एटापल्लीकडच्या घरात ते पैसे फार मोठे असतात. मुलीची आई तापाने गेली होती, तिचा दाखला होता. अर्ज भरणाऱ्या पोराने विचारलं, वडील? आजी गप्प. मेले का? “मालूम नाही.” मग बेपत्ता लिहू? पण बेपत्ता लिहिलं तर पोलिसांत तक्रार दिल्याची प्रत लागेल. आजी म्हणाली, “कागद कोठून आनू बाबू?” त्या पोराचा काही दोष नव्हता. त्याने खरोखर दोन-तीन ठिकाणी फोन लावून पाहिले. आजीने पिशवीची गाठ बांधली. मुलगी या सगळ्या वेळात भिंतीवरचा पोलीस भरतीचा कागद वाचत होती, अक्षर न् अक्षर लावून.

आता या प्रश्नाचा कायद्यातला मार्ग बघा. माणूस सात वर्षं कुणालाच दिसला-ऐकला नाही, तर तो मेला असं न्यायालय गृहीत धरू शकतं. म्हणजे सात वर्षं थांबायचं, मग दिवाणी न्यायालयात जायचं. दहा वर्षांची मुलगी तोवर सतरा वर्षांची होईल आणि योजना अठराव्या वर्षी संपते. शिवाय मुलगा दलममध्ये गेला म्हणून ठाण्यात जाऊन ‘हरवला’ अशी तक्रार कोणती आई देणार होती? दिली असती तर पोलिसांच्या लेखी घर नक्षल्याचं ठरलं असतं आणि दलमच्या लेखी खबऱ्याचं. तिने तक्रार दिली नाही, तिच्या जागी कुणीही दिली नसती. आणि त्या न दिलेल्या तक्रारीची किंमत आज तिची नात मोजते आहे.

जी मुलं दलममध्ये गेली, त्यांच्याबद्दल सरळ बोलायला हवं. माओवाद्यांनी मुलं नेली. गावोगावी त्यांचे बाल संघम, म्हणजे मुलांचे गट होते, नाट्य मंच होते. सुरुवात गाण्याने आणि ढोलाने व्हायची, पुढे निरोप पोहोचवणं, पहारा, आणि मग बंदूक. कुणी घरच्या भांडणातून गेलं, कुणी नको असलेल्या लग्नातून सुटायला, कुणाकडे ‘घरटी एक’ म्हणून मागणी झाली. आदिवासींच्या मुक्तीची भाषा करणाऱ्या संघटनेने आदिवासींचीच मुलं पुढे केली, हा तिच्यावरचा सर्वांत जड आरोप आहे आणि तो कुठल्याही युक्तिवादाने पुसला जाणार नाही. दलममध्ये लग्न करायचं तर पुरुषाने नसबंदी करून घ्यायची, हा रिवाज आत्मसमर्पण केलेल्यांनी वर्षानुवर्षं सांगितला आहे. बाहेर आल्यावर शस्त्रक्रियेने नस पुन्हा जोडून घेऊन बाप झालेली माणसं आज गडचिरोलीत राहतात. स्वतःच्या लोकांना मूल होऊ द्यायचं नाही कारण मूल चळवळीच्या पायात येतं, आणि दुसऱ्याचं मूल मात्र चळवळीला हवं!

आपला कायदा याबाबत स्पष्ट आहे. २०१५च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम ८३ सांगतं की अशा सशस्त्र गटाने मुलाची भरती करणं किंवा त्याला वापरणं हा गुन्हा आहे. सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी, पाच लाख दंड. सशस्त्र संघर्षातल्या मुलांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००५मध्ये मान्य केला. या सगळ्याचा साधा अर्थ असा की भरती झालेलं मूल हे आधी गुन्ह्याला बळी पडलेलं मूल आहे, त्याच्या हातात बंदूक सापडली तरी. मग आज पंचविशीत आत्मसमर्पण करणाऱ्या तरुणीला ती कितव्या वर्षी गेली, कुणी नेली, हे विचारून कुठे नोंद होते का? कलम ८३खाली या जिल्ह्यात किती खटले उभे राहिले, हा प्रश्न विधानसभेत विचारला गेला पाहिजे.

वयाचा घोळ तर वेगळाच. आतल्या गावांत जन्माची नोंद नसते. शाळेचा दाखलाही नसला की कायद्यानुसार हाडांची तपासणी करून वय ठरवायचं. त्या तपासणीत दोन वर्षं इकडेतिकडे होणं ठरलेलंच. सोळाचा अठराचा झाला की बालगृहाऐवजी तुरुंग.

२२ एप्रिल २०१८ला बोरिया-कसनासूरच्या जंगलात चकमक झाली. चाळीसच्या आसपास लोक मेले. त्यानंतर एटापल्ली तालुक्यातल्या गट्टेपल्लीच्या लोकांनी सांगितलं की त्यांच्या गावची आठ मुलंमुली लग्नाला म्हणून निघाली होती, ती परतली नाहीत, आणि त्यांतली काही अल्पवयीन होती. पोलिसांचं म्हणणं होतं की ती नव्याने दलममध्ये भरती झालेली होती. कुणाचं खरं, यावर तेव्हा बराच वाद झाला. मला त्या वादाच्या पलीकडचं दिसतं. गावकऱ्यांचं खरं असेल तर निरपराध मुलं मेली. पोलिसांचं खरं असेल तर चार-आठ दिवसांपूर्वी नेलेली मुलं मेली. पहिल्या गोष्टीत चौकशी हवी होती, दुसऱ्या गोष्टीत नेणाऱ्यांवर कलम ८३. दोन्हीतल्या कुठल्याही गोष्टीत ‘मोठं यश’ एवढ्या दोन शब्दांत गट्टेपल्ली संपत नाही.

शासनाच्या बाजूने जे झालं, तेही लिहिलं पाहिजे. छत्तीसगडमधल्या शाळांमधून सुरक्षा दलांनी बाहेर पडावं, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावे लागले होते. आपल्याकडे त्याहून साधी आणि कमी दिसणारी गोष्ट सर्रास झाली. गावात गस्त आली की मोठी माणसं जंगलात किंवा शेतावर निघून जायची, मागे मुलं राहायची. मग त्यांनाच प्रश्न. काल कोण आलं होतं? किती जण होते? कुणाकडे जेवले? दोन दिवसांनी दलम यायचं आणि त्याच मुलाला विचारायचं, पोलिसांनी काय विचारलं? बिस्किटाचा पुडा दोघांच्याही खिशात असायचा. आठ वर्षांच्या मुलाच्या एका खऱ्या उत्तरावर गावातला माणूस मरू शकतो, हे त्या मुलाला कळत असतं. वर्गात गुरुजींनी नाव विचारलं तरी जे मूल गप्प राहतं, त्याला आपण ‘लाजाळू’, ‘मागास’ ठरवून मोकळे होतो.

गडचिरोली पोलिसांनी गेल्या काही वर्षांत ‘दादालोरा खिडकी’ सुरू केली. दाखले, आधार, योजनांचे अर्ज, वाचनालयं, खेळ. जिथे तलाठीही महिनोन्महिने दिसत नव्हता तिथे हे काम झालं, त्याचं मोल मी कमी करणार नाही. तरीही मुलांच्या संरक्षणाचं काम कायम ठाण्यातून चालवणं बरोबर नाही. ज्या घराचा माणूस पोलिसांच्या गोळीने गेला, त्या घरातलं मूल त्या खिडकीशी कसं जाईल? आणि पोलिसांच्या जवळ दिसणं काय असतं, ते आपण पाहिलं आहे. २०२३मध्ये भामरागड तालुक्यात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणाला नक्षल्यांनी मारलं. आता धोका ओसरला असेल तर महिला-बालविकास, शिक्षण, आरोग्य या खात्यांनी पुढे येऊन आपापली कामं ताब्यात घ्यावीत. इतकी वर्षं ‘आत जाता येत नाही’ हे कारण होतं. आता ते उरलेलं नाही.

शाळेपासून सुरुवात करू. गडचिरोलीला बदली म्हणजे शिक्षा, ही समजूत विदर्भातल्या प्रत्येक कार्यालयात आहे आणि तिचे परिणाम भामरागडच्या वर्गात दिसतात. रिकामी पदं, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तुटणारा तालुका, सहा वर्षांचं मूल घरापासून चाळीस किलोमीटरवरच्या आश्रमशाळेत. त्या मुलाला माडिया येते, मराठी येत नाही. बाई चांगल्या असतात, जीव लावतात, पण त्याच्या पोटात दुखतंय हे त्याने कोणत्या भाषेत सांगायचं? हेमलकशाच्या लोकबिरादरी शाळेने १९७६पासून दाखवून दिलंय की माडिया मुलं शिकतात आणि डॉक्टर-वकीलही होतात. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९मध्ये स्वतःचं गोंडी माध्यमाचं गोटूल, म्हणजे गावाची शाळा सुरू केली. गावाने वर्गणी काढून, आपल्या मुलांसाठी. शिक्षण खात्याने त्या शाळेला अनधिकृत ठरवून नोटीस दिली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. ज्या भागात दुसरी शक्ती चाळीस वर्षं सरकारची शाळा नको म्हणून धमकावत होती, तिथे एक गाव आपणहून शाळा काढतं, तेव्हा खात्याने पाटी-पेन्सिल घेऊन धावत जायला हवं होतं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा विचारही असाच कागदावर सुचलेला. राज्यात अशा जवळपास पंधरा हजार शाळा आहेत. कोकणात किंवा सातपुड्यातही त्याने हाल होतील, इथे तर मूल सरळ घरी बसेल किंवा गुरं राखायला जाईल.

मुलांच्या मनाचं काय, असं विचारलं की अधिकारी म्हणतात जिल्ह्यात मानसोपचारतज्ज्ञच नाहीत, बालमानसोपचाराचं तर नावच नको. खरं आहे. पण याच जिल्ह्यात, शोधग्राममध्ये, डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला लावली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त खाली आणले. १९९९मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला, पुढे देशभर आशा कार्यकर्त्यांच्या कामात ती पद्धत गेली. तेव्हाही बालरोगतज्ज्ञ नव्हतेच. गावातलीच, माडिया बोलणारी बाई, जिला कोणत्या घरात रात्री काय झालं होतं ते ठाऊक आहे, ती शिकवली तर मुलाशेजारी बसू शकते. झोपेत ओरडणारं, अंथरूण ओलं करणारं, शाळेतून पळणारं मूल तिला ओळखता येईल. गंभीर असेल ते तिने वर पाठवावं.

आक्षेप मला माहीत आहे. हुतात्म्याच्या आईने मला विचारलं की माझ्या मुलाला ज्याने सुरुंगाने उडवलं, त्याच्या मुलाला तुम्ही माझ्या नातवाच्या रांगेत बसवता? तर काय सांगू? तिच्या दुःखापुढे मी युक्तिवाद करणार नाही. हुतात्म्याचा मान हुतात्म्याचाच आहे, त्याचं स्मारक, त्याचं पदक, त्याच्या कुटुंबाचा हक्क यात कुणी वाटेकरी नाही. मी मागतोय ती दुसरी रांग आहे. जेवण, शाळा, दाखला, दवाखाना, सांभाळणारं माणूस. त्या रांगेत संविधानाने आधीच सगळ्या मुलांना बसवलेलं आहे. आणि ज्यांना केवळ सुरक्षेचीच भाषा पटते त्यांनी एवढं बघावं की दलमला मुलं कोणत्या घरांतून मिळाली. ज्या घरावर शिक्का होता आणि ज्या मुलाला बाहेर कुणी जवळ केलं नाही, ती घरं भरतीला सोपी होती.

२०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सशस्त्र संघर्षातील मुलांविषयीच्या वार्षिक अहवालातून भारताचं नाव निघालं. चांगली गोष्ट. अहवालातून नाव निघालं म्हणून कोरचीतलं मूल शाळेत गेलं, असं मात्र होत नाही.

मग करायचं काय? वही गावानेच करावी. मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, तेव्हापासून जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभा बांबू-तेंदूचे हिशेब ठेवतात, लिलाव करतात, बोनस वाटतात. पुडे मोजणारी ग्रामसभा मुलंही मोजू शकते. मुलाचं नाव, अंदाजे वय, कुणाकडे राहतं, शाळेत जातं का, कोणते कागद आहेत, कोणते नाहीत. एवढेच रकाने. बाप कसा गेला, हा रकाना नको. ती माहिती पोलिसांकडे जाणार नाही, हे जिल्हाधिकाऱ्यांनी लेखी द्यावं, नाहीतर वही कोरी राहील. ग्राम बालसंरक्षण समित्या कागदावर आहेतच, त्यांना या वहीचं काम द्यावं. बालकल्याण समितीने महिन्यातून एकदा अहेरी, एटापल्ली, भामरागड, कोरचीला बसावं. दीडशे किलोमीटरवरून आजीने नातीला घेऊन गडचिरोलीला यायचं, तारीख पडली की परत यायचं, हे बंद व्हावं. आणि मृत्यूच्या दाखल्याऐवजी ग्रामसभेचा ठराव बालसंगोपनासाठी ग्राह्य धरावा. एका शासन निर्णयाचं काम आहे.

पैसे कुठून, हा प्रश्न या जिल्ह्यात आज कुणी विचारू नये. सुरजागडचं लोहखनिज दिवसरात्र ट्रकांतून आलापल्ली-आष्टीच्या रस्त्याने बाहेर जातंय. त्याच रस्त्याच्या कडेने शाळेची मुलं अंग चोरून चालतात. खाणीच्या स्वामित्वधनासोबत जिल्हा खनिज प्रतिष्ठानला निधी मिळतो, आणि त्याच्या नियमांत अग्रक्रमाच्या विषयांमध्ये आरोग्य, शिक्षण, महिला आणि बालकांचं कल्याण स्पष्ट लिहिलेलं आहे. यंदाच्या आराखड्यात संघर्षग्रस्त मुलांसाठी वेगळं लेखाशीर्ष उघडा. त्यातला पहिला खर्च बाराही तालुक्यांत गावागावांतल्या एकेका बाईच्या प्रशिक्षणावर आणि मानधनावर व्हावा. पालकमंत्र्यांच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यायला कुणाचीच हरकत नसावी.